तीन दिवे आणि एक जावई

दातांच्या डॉक्टरांची पिवळी गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तेव्हा मोठ्या मिस्त्रींनी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आधीच लख्ख असलेला एक पाना ते पुसत राहिले.

गाडी दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकून बसल्यासारखी बुटकी. डॉक्टर सहा फुटांचे. त्यामुळे त्यांचं उतरणं हा एक कार्यक्रमच असे. दार उघडलं की आधी एक पाय बाहेर यायचा, मग काही वेळ काहीच घडायचं नाही, आणि मग उरलेले डॉक्टर हळूहळू यायचे.

"लागले," कंबर सरळ करत ते म्हणाले. "तिन्ही लागले."

"कुठे लागले?" फोनच्या टेबलामागून मोठ्या मिस्त्रींच्या सुनेनं विचारलं आणि वही उघडली.

"दवाखान्यातून निघालो, चौक ओलांडला आणि जरा वेग घेतला तोच. आधी एबीएसचा, मग त्या दारू प्यायलेल्या गाडीचा, मग लाल."

दारू प्यायलेली गाडी हे नाव डॉक्टरांनीच ठेवलेलं. त्या पिवळ्या दिव्यात एक इवलीशी गाडी असते आणि तिच्यामागे नागमोडी रेघा. वळणावर गाडी घसरायला लागली, तर कुठल्या चाकाला किती ब्रेक लावून तिला ताळ्यावर आणायचं हे ठरवणारी एक यंत्रणा असते. ती सुट्टीवर गेली की हा दिवा लागतो. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा त्याचा सख्खा भाऊ. तिसरा लाल, वर्तुळातलं उद्गारचिन्ह, खुद्द ब्रेकचा. तो लागला की शहाण्या माणसानं चेष्टा थांबवावी.

"बायकोनं स्पष्ट सांगितलंय," डॉक्टर म्हणाले, "दिवे लागलेल्या गाडीत मी बसणार नाही. चार वर्षं मागे लागलोय, तेव्हा कुठे या रविवारी घाटात फिरायला यायला तयार झालीय. शनिवारपर्यंत बघा. नाहीतर कंपनीच्या वर्कशॉपात नेतो. राग मानू नका."

राग मानू नका असं कोणी म्हटलं, की राग मानायचा राहिलाच होता हे माणसाला आठवतं. मोठ्या मिस्त्रींनी पाना ट्रॉलीवर जरा जोरात ठेवला.

त्यांच्या हातची गाडी परत येत नाही, हे त्या भागात सगळेच गृहीत धरून चालत. पस्तीस वर्षांत कोणाला त्यावर वाद घालायची वेळ आली नव्हती. आणि ही पिवळी बया तीन आठवड्यांत तीनदा माहेरी आल्यासारखी येत होती.

पहिल्यांदा आली तेव्हा तक्रार साधी होती. मागच्या डाव्या चाकातून घुंऽऽ असा आवाज. बेअरिंग गेलेलं. या गाडीत बेअरिंग सुटं मिळत नाही, पोलादाच्या एका गोळ्यात बंद होऊन येतं. त्या गोळ्याला हब म्हणतात. नवा हब मोठ्या मुलाच्या, म्हणजे सुनेच्या नवऱ्याच्या, स्पेअर पार्टच्या दुकानातून आला आणि मोठ्या मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं बसवला. आवाज गेला. डॉक्टर शीळ घालत गेले. दोन दिवसांनी दिवे लागले.

मग गाडी दुसऱ्यांदा आली. मोठ्या मिस्त्रींनी ब्रेकचं तेल पाहिलं, पॅड पाहिले, हँडब्रेकचं बटण पाहिलं. सगळं जागच्या जागी. शेवटी नाइलाजानं त्यांनी, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष वाचणाऱ्या स्कॅनरकडे मान उडवली.

स्कॅनर सुनेच्या आग्रहानं आलेला. तिनं एका कॉलेजात नऊ वर्षं पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळली होती. कॉलेजनं ती प्रयोगशाळा बंद केली तेव्हा ती घरच्या गॅरेजात आली आणि तिनं गाड्यांवर काम मागितलं. सासरे म्हणाले, "बघू." तिला फोनच्या टेबलावर बसवलं गेलं.

"बाबांचं 'बघू' मला विचारा वहिनी," टायर काढता काढता धाकटा दीर तेव्हा म्हणाला होता. "सतराव्या वर्षी मी मोटरसायकल मागितली होती. अजून बघतायत."

मोठे मिस्त्री स्कॅनरला ज्योतिषी म्हणत.

"काय म्हणतो तुझा ज्योतिषी?"

"मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा सिग्नल पटण्यासारखा नाही, म्हणतो."

"म्हणजे डाव्या बाजूला पीडा आहे. आणि उपाय?"

"उपाय तो सांगत नाही, बाबा."

"सांगणार नाहीच. ज्योतिषी आहे तो, मिस्त्री नाही."

तरी सेन्सर बदलला होता. आणि आज, सोमवारी, दिवे पुन्हा लागले होते.

डॉक्टर रिक्षानं गेले तसे मोठे मिस्त्री टेबलाशी आले. "शनिवारपर्यंत गाडी तुझी आणि तुझ्या ज्योतिष्याची. सापडलं तर पुढचं बोलू. नाही सापडलं तर ज्योतिषी कपाटात आणि तू फोनवर. मग पुन्हा तो विषय नाही."

"बरं," ती म्हणाली.

"मेलो," दीर पुटपुटला. "वहिनी 'बरं' म्हणाल्या की मला धडकीच भरते."

*

लिफ्टच्या बाजूच्या भिंतीत तीन मोठे खिळे होते. पहिल्यावर मोठ्या मिस्त्रींचा कामाचा डगला, दुसऱ्यावर धाकट्याचा. तिसऱ्यावर जावई.

जावई म्हणजे थाळीएवढा एक लोहचुंबक, मधोमध भोक असलेला. जळालेल्या एका मोठ्या लाउडस्पीकरमधून मोठ्या मिस्त्रींनी तरुणपणी तो काढून आणला होता. शिकाऊ असताना त्यांचा एक बोल्ट लिफ्टखाली हरवला होता आणि त्यांच्या उस्तादांनी तो सापडेपर्यंत अख्खं गॅरेज त्यांच्याकडून झाडून घेतलं होतं. तेव्हापासून सोडवलेला प्रत्येक बोल्ट, नट, वॉशर ते या चुंबकावर ठेवत. टक, टक, टक. काम सुरू झालं की तो खिळ्यावरून उतरून ट्रॉलीवर यायचा, काम संपलं की पुन्हा खिळ्यावर.

नाव सासूबाईंनी ठेवलेलं. "मला मुलगी नाही," त्या सांगत, "म्हणून ह्यांनी जावयाची हौस अशी भागवली. बसल्या जागेवरून हलत नाही, सगळे आपणहून धावत त्याच्याकडे जातात, आणि एकदा चिकटला की निघता निघत नाही."

सुनेचा अ‍ॅप्रन फोनच्या खुर्चीच्या पाठीवर असायचा. चौथा खिळा कोणी ठोकला नव्हता आणि तिनं कधी मागितला नव्हता.

तिनं घाई केली नाही. प्रयोगशाळेत ती मुलांना सांगायची, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय बदलल्यामुळे काय झालं ते देवालाही सांगता येणार नाही. तिनं उजवा सेन्सर डावीकडे लावला आणि डावा उजवीकडे. दोष सेन्सरमध्ये असता तर तो सेन्सरबरोबर उजवीकडे गेला असता. गेला नाही. डावीकडेच ठाण मांडून बसला. मग तिनं सेन्सरपासून पुढे जाणारी वायर वीतभर वीतभर तपासली, वाकवून पाहिली, हलवून पाहिली. वायर निर्दोष.

"सेन्सर नाही, वायर नाही," दीर म्हणाला. "मग दृष्ट लागली असेल. पिवळी आहे ना."

"गाडी चालवा तुम्ही," ती म्हणाली. "मी आकडे बघते. चाळीसचा वेग धरून ठेवा."

"या गाडीत चाळीस? वहिनी, हा अपमान आहे."

"कोणाचा?"

"गाडीचा. माझा. त्या इंजिनाच्या आईबापांचा."

पण त्यानं चाळीस धरला. तिच्या मांडीवर स्कॅनर होता आणि पडद्यावर चार चाकांच्या चार रेघा. तीन रेघा तळ्यातल्या पाण्यासारख्या सपाट. चौथी, मागच्या डाव्या चाकाची, सपाट जाता जाता मध्येच एक छोटी डुबकी मारायची. पुन्हा सपाट, पुन्हा डुबकी. दिवे लागले तरी तिची नजर पडद्यावरच. "आता वीस," म्हणाली. डुबक्या विरळ झाल्या, बरोबर निम्म्या.

गॅरेजला परत आल्यावर तिनं टायरवर खडूनं एक खूण केली, जमिनीवर एक केली, दिराला गाडी हळूच ढकलायला लावली आणि चाकाचा एक फेरा किती लांब पडतो ते टेपनं मोजलं. मग वहीत एक भागाकार केला. उत्तर पाहून तिनं पेन्सिल कानामागे खोचली. तिचा आनंदोत्सव तेवढाच असे.

"दर फेऱ्याला एक डुबकी," तिनं मोठ्या मिस्त्रींना सांगितलं. "म्हणजे जे बिघडलंय ते चाकाबरोबर फिरतंय, बाबा. सेन्सर फिरत नाही, वायर फिरत नाही. फिरणारी एकच गोष्ट उरते."

"कुठली?"

"हब."

दिरानं हातातला टायर अलगद आडवा केला.

"हब मी बसवलाय," मोठे मिस्त्री म्हणाले.

"हो."

"उलटा बसवला असं म्हणायचंय तुला?"

"उलटा बसतच नाही तो. मी फक्त..."

"पस्तीस वर्षांत," ते म्हणाले, वाक्य अर्धवट सोडलं आणि चहा प्यायला आत निघून गेले. चहाची वेळ झालेली नव्हती.

तिनं नवऱ्याला फोन लावला. "तो हब चांगल्या मालातलाच होता ना?"

"अगं, मी एकवेळ बायकोला फसवीन, गिऱ्हाइकाला नाही."

"हे मी वहीत लिहून ठेवते."

"तारीख टाक. आणि हे बघ, बाबा चिडले असतील तर सरळ सांग की माल खराब होता. माझ्यावर ढकल. मला सवय आहे. लहानपणी खिडक्यांच्या काचा धाकटा फोडायचा आणि नाव माझं यायचं."

संध्याकाळी सासूबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. घरात काय चाललंय हे त्यांना कोणी सांगावं लागत नसे. कपबशांच्या आवाजावरून त्या ओळखायच्या.

"ह्यांना 'तुम्ही चुकलात' असं सांगायचं नसतं," त्या म्हणाल्या. "जिथे चुकलं तिथे नेऊन उभं करायचं आणि आपण खिडकीबाहेर बघायचं. मला त्या खिडकीबाहेरचं एकेक झाड पाठ आहे."

"पण आई, ते चुकलेत असं मला वाटतच नाही. हब बरोबर बसलाय."

"मग अडलंय कुठे?"

"तेच कळत नाही," सून म्हणाली. आणि हे तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून त्या रात्री ती कूस बदलत राहिली.

*

शनिवारी सकाळी मोठ्या मिस्त्रींनी डगला चढवला, जावयाला खिळ्यावरून उतरवून ट्रॉलीवर ठेवलं आणि जाहीर केलं, "माझं काम मीच उघडणार."

चाक उतरलं, ब्रेक बाजूला झाला, मधला मोठा नट कण्हत सुटला. मग हबचे चार बोल्ट. प्रत्येक बोल्ट जावयाकडे गेला. टक. टक. टक. टक. हब हातात आला तसा तिनं पुढे होऊन तो त्यांच्या हातातूनच घेतला.

हबच्या पाठीला एक काळी चकती असते. दिसायला साधी, रबराची वाटावी अशी. अशा चकतीचा हब मोठ्या मिस्त्रींच्या हाती या गाडीमुळेच पहिल्यांदा आला. ते तिला धूळ-पाणी अडवणारं सील समजले, आणि वरून दिसतेही तशीच. पण तिच्यात बारीक बारीक चुंबक गोलाकार ओळीनं भरलेले असतात, उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण, शंभराच्या आसपास. चाक फिरलं की सेन्सर समोरून जाणारे ते चुंबक मोजतो आणि चाक किती जोरात फिरतंय ते गाडीला कळवतो. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही.

दिसायला हवं असेल तर युक्ती सातवीच्या पुस्तकातली आहे. तिनं ग्राइंडरखालचा लोखंडाचा कीस चिमटीत घेतला, चकतीवर पातळ कागद धरला, कीस भुरभुरवला आणि कागदाला बोटानं टिचकी मारली.

"अरे वा," दीर म्हणाला.

कीस हलला आणि आपोआप रांगा लावून उभा राहिला. कंगव्याचे दात असावेत तशा बारीक, सरळ, सारख्या अंतराच्या रेघा, गोलाकार. आणि एका जागी, तीन बोटांच्या रुंदीत, कंगवा तुटलेला. तिथे कीस नुसता गबाळ्यासारखा पसरला होता, जणू बिस्किटाचा कोणी घास घेतलाय.

मोठ्या मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. बराच वेळ पाहिलं. आणि मग, सोमवारपासून पहिल्यांदा, त्यांचा चेहरा सैल पडला.

"माल खराब," ते म्हणाले. "म्हणजे तुझा ज्योतिषी खरं बोलत होता. माझ्या हातातही खोट नव्हती. खोट कारखान्यात होती!"

"आणि माझ्या दुकानात," नवरा दारातून म्हणाला. तो नवा हब खोक्यात घेऊन आला होता. "माझ्याच गळ्यात घाला. गळा रुंद आहे."

सगळे हसले. तीही हसली. वहीत तिनं लिहिलं, 'चकती, तीन बोटं, कारखान्यातला दोष,' आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. सगळ्यांना सोयीचं असं उत्तर होतं ते. प्रयोगशाळेत अशा उत्तरांवर ती मुलांना पुन्हा मोजायला लावायची. त्या घासाच्या दोन्ही कडा आत वळलेल्या होत्या. कारखाना चुकला तर इतक्या गोलाईनं कसा चुकेल?

डॉक्टरही येऊन ठेपले. "झालं? बायकोनं उद्यासाठी गॉगलसुद्धा घेतलाय."

"अर्धा तास," मोठे मिस्त्री आता मजेत होते. त्यांनी खोकं उघडलं, नव्या हबवरची पिशवी काढली, फुंकर मारली. जिथे हब बसवायचा ती जागा आधी पुसून घ्यायला हवी होती. फडकं उजव्या हातात, हब डाव्या. ट्रॉली हत्यारांनी भरलेली, टेबल तेलकट. स्वच्छ अशी एकच जागा होती. त्यांनी न बघता, पस्तीस वर्षांच्या सवयीनं, हब जावयाच्या काठावर टेकवायला हात खाली नेला, काळी बाजू खाली करून.

गोल थाळी. वळलेली कड.

"बाबा! खाली ठेवू नका!"

तिचा आवाज इतका मोठा असू शकतो हे कोणालाच माहीत नव्हतं. फोनवर गिऱ्हाइकं तिला नेहमी 'जरा मोठ्यानं बोला' म्हणत. टायर दिराच्या हातून सुटला आणि एकटाच दारापर्यंत फिरायला गेला. मोठे मिस्त्री तसेच वाकलेले राहिले, हब जावयापासून वीतभर वर.

"का?" ते म्हणाले.

"धरून ठेवा."

"जड आहे."

"पाच मिनिटं, बाबा. फक्त त्याच्यापासून लांब."

सासऱ्यांवर, गिऱ्हाइकासमोर, ओरडून झालं होतं. ते परत घेता येत नव्हतं. आता पुढचं करणं एवढंच उरलं. भंगाराच्या पेटीतून तिनं अगदी पहिला, घुंऽऽ करणारा, गाडीबरोबर आलेला जुना हब उपसून काढला. त्याची पाठ पुसली. कागद, कीस, टिचकी. कंगवा उभा राहिला, पूर्ण, अखंड, एक दात कमी नाही.

मग तोच हब तिनं जावयाच्या काठावर ठेवला, मोठे मिस्त्री ठेवणार होते तसाच. टक. दोन्ही हातांनी ओढून तो सोडवला. दुसरा कागद, पुन्हा कीस, पुन्हा टिचकी.

बिस्किटाचा घास. दोन्ही कडा आत वळलेल्या.

तिनं दोन्ही कागद ट्रॉलीवर शेजारी शेजारी ठेवले. 'तुम्ही' हा शब्द उच्चारला नाही. ती वळली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर एक विजेचा खांब होता आणि खांबावर एक कावळा. तिनं कावळ्याचा बारकाईनं अभ्यास केला.

मागे मोठे मिस्त्री हब पोटाशी धरून, तान्हं मूल घेतल्यासारखे उभे होते. त्यांनी पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, जावयाकडे पाहिलं. तिला हे दिसत नव्हतं, पण चष्मा नाकावरून कपाळावर आणि पुन्हा नाकावर गेल्याचा आवाज तिला ओळखता यायचा.

"दादा," दीर कुजबुजला, "तुझा गळा सुटला बहुतेक."

"गप्प बस," नवरा म्हणाला.

"डॉक्टर," मोठे मिस्त्री अखेर म्हणाले, "तुम्ही कधी चुकीचा दात काढलाय?"

डॉक्टरांनी खाकरून घसा साफ केला. छताकडे पाहिलं. "एकदा."

"मग बसा. तुम्हाला सांगायला हरकत नाही."

आणि त्यांनी सांगितलं. सगळं, हातातला हब खाली न ठेवता. जागा स्वच्छ हवी म्हणून नवा भाग मीच चुंबकावर ठेवला, चकतीतले चुंबक त्यानं तिथल्या तिथे पुसले, मग मी तेल पाहिलं, पॅड पाहिले, मुलाच्या मालाला नावं ठेवली, फक्त स्वतःच्या ट्रॉलीकडे पाहिलं नाही. सांगताना आवाज खाली गेला नाही, वरही गेला नाही. इंजिनाचा दोष सांगावा तसा त्यांनी तो सांगितला.

"पण मग हे दर फेऱ्याला..." डॉक्टरांना उत्सुकता आवरत नव्हती.

"ते तिला विचारा," मोठे मिस्त्री म्हणाले. "मिस्त्री ती आहे या गाडीची."

कावळा उडून गेला. ती तरीही आणखी थोडा वेळ खांबाकडे बघत राहिली, कारण लगेच वळण्यासारखा तिचा चेहरा नव्हता.

"कोणीतरी हे धरा आता," मोठे मिस्त्री ओरडले. "हात भरून आलेत माझे! का खरं सांगण्याची शिक्षा आहे ही?"

*

हब तिनं बसवला. मोठे मिस्त्री शेजारी उभे राहून बोल्ट हातात धरून होते, चारही, मुठीत, आणि मागेल तसा एकेक देत होते. एकदाही 'असं नाही, तसं' म्हणाले नाहीत. दोनदा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

चाचणीला जाताना त्यांनी डॉक्टरांना बाकावर बसवलं, दिराला हातानंच नको म्हटलं आणि स्वतः डाव्या सीटवर शिरायला लागले. तो कार्यक्रमही पाहण्यासारखा झाला. "ही गाडी आहे का पँट?" आतून आवाज आला. तिनं स्टिअरिंग धरलं आणि चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे उजळले, चालू करताना उजळतातच. एबीएस, दारू प्यायलेली गाडी, लाल. तिनं मनात मोजलं. एक, दोन, तीन. तिन्ही विझले.

चौक ओलांडला. वेग घेतला. उतार आला. मोठे मिस्त्री रस्त्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर त्या अंधाऱ्या जागांवर खिळलेली, जणू तिथून कोणी डोकं वर काढेल. एक वळण, दुसरं वळण. काहीच लागलं नाही.

"जरा जोरात घे," ते म्हणाले.

"चाळीसची मर्यादा आहे इथे."

"बरं," ते म्हणाले.

डॉक्टर गेले, शीळ घालत. गॅरेज आवरायची वेळ झाली. मोठ्या मिस्त्रींनी जावयावरचे उरलेले वॉशर एकेक करून वेचले, त्याला फडक्यानं पुसलं आणि खिळ्याशी न जाता मागच्या दारानं बाहेर निघाले. दारात सासूबाई उभ्या होत्या.

"जावयाला घराबाहेर काढलंत?"

"मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतोय. तिथे भंगार आहे, त्याचं मन रमेल."

"आणि बोल्ट हरवले तर?"

"झाडू आहे की," ते म्हणाले.

परत आले तेव्हा ते लिफ्टजवळ न थांबता, फोनच्या टेबलावरून जाता जाता, सहज आठवल्यासारखं बोलले, "तो खिळा मोकळा झालाय. तुझा अ‍ॅप्रन खुर्चीवर लोळत असतो, मला बघवत नाही."

"फोन कोण घेणार मग?" दीर म्हणाला.

"तू. तुझा आवाज मोठा आहे."

ती अ‍ॅप्रन घेऊन भिंतीशी गेली. अडकवताना खिशातून एक छोटा स्क्रू निसटला. जमिनीवर पडल्याचा आवाज मात्र आला नाही. तिनं पाहिलं, तो खिळ्याच्या टोकाला लटकला होता. पस्तीस वर्षं जावयाला खांद्यावर वागवून वागवून खिळाही चुंबक झाला होता. तिनं स्क्रू काढला, जवळ नेला, त्यानं पुन्हा उडी मारली.

मोठे मिस्त्री मागून बघत होते.

"आता तो पण बदलायचा का?" त्यांनी विचारलं.

तिनं स्क्रू खिशात टाकला आणि अ‍ॅप्रनची घडी नीट केली.

"बघू," ती म्हणाली.